घर आणि अंगण : सही जाऊबाईंची, कारभार कुणाचा?



गेल्या दोन आठवड्यांच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते, पाचवीतला मुलगा पाढे म्हणायला बसतच नाही, अशी नेहमीची पत्रे आहेतच. त्यांची उत्तरे पुढच्या अंकी देते. आज मात्र सगळी जागा एकाच पत्राला द्यायची आहे. पत्र इंदापूरच्या एका भगिनीचे आहे. नाव-गाव छापू नये अशी तिची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. ती लिहिते :

“माझ्या मोठ्या जाऊबाई गावाकडे सरपंच झाल्या आहेत. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून भाऊजींनी त्यांना उभे केले. निवडून आल्या जाऊबाई, गुलाल पडला भाऊजींच्या अंगावर! आता ग्रामपंचायतीत खुर्चीवर भाऊजी बसतात. जाऊबाई घरी भाकऱ्या थापतात आणि सहीपुरते रजिस्टर घरी येते. परवा सणाला गेले तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, ‘अगं, मी नववीपर्यंत शिकलेय, मला वाचता येतं. पण काय वाचायचं तेच कुणी दाखवत नाही.’ भाऊजी स्वभावाने वाईट नाहीत हो. घरात वितुष्ट न येता जाऊबाईंना खरोखरीचे सरपंच होता येईल का? की हा आमचा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बायकांचा उगाच चोंबडेपणा?”

बाई, हा चोंबडेपणा नाही. असे प्रश्न विचारायला जावाच पुढे येतात, हे वाचून मला तर बरेच वाटले. आपल्यापैकी कितीजणींची नणंद, बहीण, मावशी कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत सदस्य असेल! आणि २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा शहरांतूनही कितीतरी नव्या नगरसेविका निवडून आल्या. प्रश्न खेड्यातल्या जाऊबाईंचा आहे तसाच तो आपल्या गल्लीतल्या वहिनींचाही आहे. निवडून येणे म्हणजे शाळेत नाव घालणे. त्यापुढचे पहिले वर्ष हे शिकण्याचे वर्ष. ते वर्ष नीट गेले तर पुढची चार वर्षे बाई स्वतःच्या पायावर उभी राहते. ते वाया गेले तर पाच वर्षे नुसत्या सह्या!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचे धडे आहेत. ग्रामसभा म्हणजे काय, सरपंचाची कामे कोणती, मुले धडाधड सांगतात. पण “तुमच्या गावच्या सरपंच कोण?” असे विचारले की पाच-सहा हात वर येतात आणि एका बाईऐवजी तिच्या यजमानांचे नाव ऐकू येते. पुस्तकातली ग्रामपंचायत आणि गावातली ग्रामपंचायत यांत एवढे अंतर पडले आहे. ते कमी कसे करायचे, तेच आज पाहू.

आपल्याच मातीतल्या गोष्टी

“बायकांनी कारभार करायचा हे सरकारी फॅड आहे,” असे पारावर म्हणतात ना, त्यांना आपल्याच तालुक्यातले दाखले द्यावेत.

बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. तेव्हा स्वराज्यही आले नव्हते. १९४० च्या डिसेंबरात बाळंत झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तान्हे मूल बरोबर घेऊन त्या बोर्डाच्या सभेला पुण्यास गेल्या, ही हकीकत त्यांचे चिरंजीव शरद पवार यांनी अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या घराण्याचे राजकारण कुणाला पटो न पटो, तो वेगळा विषय. मला त्यातली एवढीच गोष्ट घ्यावीशी वाटते की सभा ही चुकवायची वस्तू नाही, हे त्या माउलीला कळले होते. बाळंतिणीने प्रवास करावा असे मी मुळीच सुचवत नाही, बरं का!

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. नीरेच्या काठचे निंबुत हे बारामती तालुक्यातलेच गाव. तिथे १९६३ साली सगळ्याच्या सगळ्या सदस्य स्त्रिया असलेली ग्रामपंचायत कारभार पाहू लागली. राज्यात पंचायत राज्याची नवी घडी १ मे १९६२ ला बसली होती, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी. त्या काळी ग्रामपंचायतीत एखाददुसरी बाई नावापुरती असायची. तेव्हा निंबुतच्या बायका गावाचा कारभार बघत होत्या. आपल्या मुलींना शाळेत हे कुणी सांगत नाही.

मग १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यातून बळ घेऊन १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला बायकांच्या ग्रामपंचायती आल्या. अशा गावांचा अभ्यास पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेने केला आणि १९९८ साली बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेले इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे नाव काय असावे? ‘अँड हू विल मेक द चपातीज?’ म्हणजे, “आणि मग चपात्या कोण करणार?” इतके शहाणे नाव मी क्वचित वाचले. सगळ्या अडचणींचे मूळ त्या एका प्रश्नात आहे. त्याकडे शेवटी येते.

कायदा त्यानंतर आला. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली, तेव्हा देशभर निदान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ साली महाराष्ट्रात त्या ५० टक्के झाल्या. तेव्हा जाऊबाई खुर्चीवर आल्या त्या कुणाच्या मेहरबानीने नव्हेत, हे पहिले मनात पक्के धरावे.

पहिला धडा : किल्ल्यांचा जुडगा

आपल्या घरात कपाटाच्या किल्ल्या शेजारणीकडे ठेवून आपण निर्धास्त झोपतो का? नाही ना? ग्रामपंचायतीची किल्ली म्हणजे सरपंचाची सही.

पूर्वी धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. (ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे.) आता वित्त आयोगाचे पैसे संगणकावरून जातात. तिथेही दोघांच्याच सह्या, फक्त त्या डिजिटल. ती सही पेनासारख्या एका छोट्या वस्तूत असते, तिला सगळे डोंगल म्हणतात. जाऊबाईंचे डोंगल कुठे आहे? भाऊजींच्या खिशात, की संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खणात? आणि त्याचा आकडी परवलीचा शब्द कुणाला माहीत आहे?

हे विचारणे म्हणजे कुणावर संशय घेणे नव्हे. उद्या लेखापरीक्षणात एखादा खर्च बसला नाही, वसुली निघाली, तर नोटीस सही करणारीच्या नावाने येते. तिथे “माझे यजमान बघत होते” हे उत्तर चालत नाही. यजमानांना कायद्यात काही पदच नाही. कितीतरी बायकांना हे पहिल्यांदा कळते ते नोटीस दारात आल्यावर. म्हणून डोंगल स्वतःच्या ताब्यात, परवलीचा शब्द स्वतःच्या डोक्यात, आणि पैसे कशाचे जात आहेत ते बिल वाचल्याशिवाय सही नाही. हा नियम पहिल्या महिन्यातच घालून घ्यावा. उशीर झाला की तो नियम न राहता भांडण होते.

वाचायचे काय, हा जाऊबाईंचा खरा प्रश्न. तर सुरुवातीला चारच वस्तू मागून घ्याव्यात.

एक, मागच्या वर्षभराचे सभांचे इतिवृत्त. गावात काय ठरले आणि काय राहिले ते त्यात असते.

दोन, नमुना ८. घरांच्या कर आकारणीची ही नोंदवही. कुणाचे घर किती, पट्टी किती, घर बाईच्या नावावर आहे की नाही, सगळे यात दिसते. आपले स्वतःचे पान आधी बघावे, म्हणजे वही कशी वाचायची ते कळते.

तीन, रोकडवही आणि बँकेचे पासबुक. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला हे अवघड नाही. डाव्या हाताला आले, उजव्या हाताला गेले.

चार, गावाचा विकास आराखडा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने तो होतो. यंदा कोणत्या कामाला किती पैसे धरले आहेत ते त्यात लिहिलेले असते.

रोज दुपारी अर्धा तास दिला तरी महिन्याभरात नजर बसते. न कळलेला शब्द वहीत लिहून ठेवावा आणि ग्रामसेवकांना विचारावा. बंधित निधी, मुक्त निधी असले शब्द ऐकून घाबरायचे नाही. घरात नाही का आपण मुलांच्या फीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवतो आणि त्याला हात लावत नाही? तो बंधित. वाणसामानातून वाचले ते मुक्त. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशांत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. त्यातून कमान बांधता येत नाही. हे माहीत असलेल्या बाईला कुणी फसवू शकत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

आपण कशी चैत्रात पापड-कुरडया, ज्येष्ठात लोणचे, दिवाळीआधी साफसफाई अशी वर्षाची आखणी करतो, तशीच ग्रामपंचायतीची करावी.

एप्रिलमध्ये पैशाचे नवे वर्ष सुरू होते आणि नेमकी तेव्हाच पाण्याची ओरड. आपल्या दोन्ही तालुक्यांत एकीकडे कालव्याची बागायत आणि उसाचे मळे, तर दुसरीकडे सुप्याकडचा जिरायती पट्टा, जिथे उन्हाळा आला की बायकांचे डोळे टँकरच्या वाटेकडे. इंदापूरकडच्या कितीतरी गावांना उजनीचे पाणी नजरेसमोर दिसते, पण नजरेसमोरचे पाणी आणि हंड्यातले पाणी यांत फरक असतो. या महिन्यात गावच्या विहिरी, टाकी, नळ यांची एक फेरी मारावी. बायकांना बरोबर घेऊन मारावी. पाणी कुठल्या नळाला कमी येते हे पाणी भरणारीलाच ठाऊक.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे ग्रामसभेचे नेहमीचे दिवस. वर्षात निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. आणि लक्षात ठेवा, मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असे कायदाच सांगतो. पुष्कळ गावांत ती कागदावर होते. जाऊबाईंनी वर्षभरात दुसरे काही केले नाही आणि महिलांच्या चार सभा खऱ्याखुऱ्या भरवल्या, तरी मी म्हणेन जिंकलीस बाई! वेळ मात्र बायकांच्या सोयीची ठेवावी. सकाळी नऊला सभा ठेवली तर डबे कोण भरणार? दुपारी दोन ते चार बरे.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊस येतो. टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट होते का, हे जलसुरक्षकाला विचारावे. ही तपासणी दोन मिनिटांची असते. पाण्यात औषधाचा थेंब टाकला की रंग येतो. रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही. स्वतः उभे राहून पाहावे. गावात जुलाबाची साथ आली की रात्र बाईचीच जाते, म्हणून हे काम बाईनेच डोळ्यात तेल घालून करावे.

२ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते. तुम्हाला जे हवे आहे ते इथे लिहिले गेले नाही तर पुढे वर्षभर “निधी नाही” हेच उत्तर मिळते. अंगणवाडीचे छप्पर, मुलींच्या शाळेतले स्वच्छतागृह, स्मशानभूमीच्या वाटेवरचा दिवा, काय हवे ते महिलांच्या सभेत ठरवून आराखड्यात घालून घ्यावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हा प्रश्न दर वर्षी विचारावा. उत्तर मिळेपर्यंत विचारावा.

हिवाळ्यात अंदाजपत्रक आणि मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली. वसुलीचे काम कुणालाच आवडत नाही, पण पट्टी न भरणाऱ्या गावाला पाण्याचे वीजबिल भरता येत नाही, इतके ते सरळ आहे. बायका घरोघर गेल्या की पट्टी लवकर येते, असे अनेक गावच्या बायका सांगतात.

आणि एक. मासिक सभा महिन्यातून एकदा तरी व्हायची असते आणि तिची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाते. “मी घरूनच सही करते” म्हणणाऱ्या बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

शिकायचे कुठे, कुणाकडून?

पुण्यात यशदा आहे, यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. गावच्या कारभाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आखणी तिथून होते आणि वर्ग पुष्कळदा पंचायत समितीतच भरतात. शहरांच्या कामांसाठी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, ती १९२६ साली निघाली. म्हणजे कारभार हा शिकून करायचा असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडच्या जाणत्या लोकांना पटले होते. केंद्र सरकारनेही ४ मार्च २०२५ ला ‘सशक्त पंचायत नेत्री अभियान’ सुरू केले. निवडून आलेल्या बायकांना शिकवायचे, हाच त्याचा उद्देश. बायकोच्या नावाने नवऱ्याने कारभार करायचा हा रोग कसा घालवावा, हे पाहायला त्याआधी २०२३ साली एक समितीही नेमली होती. म्हणजे हे दुखणे एका घरचे नाही, उभ्या देशाचे आहे.

प्रशिक्षणाचे पत्र आले की ते सरपंचाच्या हाती पडले पाहिजे. बोलावणे बाईला आणि वर्गात बसला नवरा, असे होता कामा नये. पहिल्यांदा बाई एकटी जायला बिचकते हे खरे. मग शेजारच्या गावच्या सदस्य बाईला बरोबर घ्यावे. दोघींनी एका एसटीने जावे, एका बाकावर बसावे, येताना काय कळले ते एकमेकींना सांगावे. माझा शिकवण्याचा अनुभव असा की ऐकलेले विसरते, पण दुसऱ्याला समजावून सांगितलेले विसरत नाही.

बचत गटात असाल तर अर्धे शिक्षण झालेलेच आहे! ‘उमेद’चे गट, त्यांचे ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, ही सगळी कारभाराचीच शाळा. हिशेब वाचून दाखवायचा, ठराव लिहायचा, कर्ज कुणाला द्यायचे ते सगळ्यांसमोर ठरवायचे, हे सगळे तिथे होते. केरळात १९९८ साली ‘कुटुंबश्री’ सुरू झाली. तिच्या गटांत तयार झालेल्या बायका पुढे मोठ्या संख्येने ग्रामपंचायतीत निवडून आल्या, त्या काही आकाशातून पडल्या नाहीत.

एकटीने होत नाही

आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि सराटीहून नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. त्या दिवसांत लाखोंच्या समुदायाला पाणी, दिवे, शौचालये, औषध, स्वच्छता पुरवायची असते. एकट्या ग्रामपंचायतीच्या बापाने ते होईल का? या गावाचा टँकर त्या गावाला, त्या गावचे सफाईचे लोक या गावाला, पोलीस, आरोग्य केंद्र, शाळा, तरुण मंडळे सगळी मिळून तो गाडा ओढतात. पालखी पुढे गेली की मात्र प्रत्येक गाव पुन्हा आपापल्या वेशीत! माझे म्हणणे एवढेच, की जे आषाढात जमते ते उरलेले अकरा महिने का जमू नये?

दोन गावांची नळयोजना एक, ओढा एक, कचरा पडतो तो दोन्हींच्या शिवेवर. असे प्रश्न दोन सरपंच बायका चहाच्या कपाबरोबर जितके लवकर मिटवतील तितके कागदी घोड्यांनी मिटत नाहीत. आठ-दहा गावच्या सदस्य बायकांनी दोन महिन्यांतून एकदा एका गावी जमावे. अजेंडा एकच : तुमच्याकडे काय झाले आणि ते कसे झाले? पक्ष उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवून यावा. एकीने अंगणवाडीचा प्रश्न कसा सोडवला ते ऐकले की दुसरीला धीर येतो. आणि वर अधिकाऱ्यांकडे जायचे तर दहाजणींच्या सहीच्या अर्जाला जे वजन असते ते एकीच्या अर्जाला नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचे, या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले आणि पुष्कळ गावांनी तसे ठराव केले. ग्रामसभा म्हणजे केवळ गटार आणि खडीकरण नव्हे, हे हेरवाडने दाखवले. एका गावाने केले म्हणून दुसऱ्याला सुचले. एकमेकांकडून शिकणे म्हणतात ते हेच.

भाऊजींशी बोलायचे कसे?

आता पत्रातल्या भगिनीच्या नाजूक प्रश्नाकडे. भाऊजी वाईट नाहीत, असे ती स्वतःच लिहिते. मग त्यांना शत्रू करायचे कारण नाही. वर्षानुवर्षे गावकीत वावरलेल्या माणसाला ओळखी असतात, अनुभव असतो. तो जाऊबाईंना हवाच आहे. पण अनुभव शेजारी बसून द्यायचा असतो, खुर्चीवर बसून नव्हे.

चारचौघांत भाऊजींचा पाणउतारा होईल असे काही बोलू नये. घरी, जेवणे झाल्यावर, सासूबाई-मामंजी असतील तर त्यांच्यादेखत जाऊबाईंनीच म्हणावे, “तुम्ही मला उभं केलंत, गावानं मला मत दिलं. उद्या हिशेबाचं कुणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय. तेव्हा मला शिकवा. महिनाभर माझ्याबरोबर कचेरीत या, बाजूच्या खुर्चीवर बसा. पुढच्या महिन्यापासून मी एकटी जाईन, अडलं की घरी येऊन विचारीन.” यात मान आहे आणि निश्चयही आहे. वसुलीच्या नोटिशीचा मुद्दाही शांतपणे सांगावा. बायकोवर बालंट यावे असे कुठल्या भल्या माणसाला वाटेल?

पहिल्या सभेत जाऊबाईंनी एकच वाक्य बोलावे, “सभा सुरू करते.” दुसऱ्या सभेत एक विषय स्वतः मांडावा. तिसऱ्या सभेत एक प्रश्न विचारावा. घाई नको. पण मागे पाऊल नको. खुर्चीवर मात्र पहिल्या दिवसापासून स्वतः बसावे. त्यात टप्पे नाहीत.

आणि भाऊजींनी ऐकलेच नाही तर? तर मग मला गोड उत्तर देता येणार नाही. तेव्हा निदान न वाचता सही करायची नाही, एवढे तरी जाऊबाईंनी धरून ठेवावे. “वाचून उद्या करते” या तीन शब्दांत आवाज चढवावा लागत नाही, आणि ते कुणाला खोडताही येत नाहीत. घरातली शांतता मोलाची आहे, पण ती कोऱ्या कागदावरच्या सहीने विकत घेऊ नये.

आणि मग चपात्या कोण करणार?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सभा अकराला असली की बाईच्या डोक्यात कालवणाचे काय, गुरांचे काय, मुलीची वेणी कोण घालणार, हेच घोळत असते. पुरुष सभेला जातो तेव्हा त्याला असे काही सोडून जावे लागत नाही.

तेव्हा सभेच्या दिवशी घरात वाटणी हवी. रात्रीच कणीक मळून ठेवावी, भाजी निवडून ठेवावी, हे आपण करतोच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सभेच्या दिवशी चूल दुसऱ्या कुणाकडे आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकावे. सासूबाई, लेक, जाऊ, आणि हो, यजमानसुद्धा! भाकरी जमली नाही तर खिचडी जमते. तांदूळ, मूगडाळ, हळद-मीठ, कुकरच्या तीन शिट्ट्या. बारावीतल्या मुलालाही येते. एक दिवस खिचडी खाल्ल्याने कुणाचे वजन घटत नाही.

शहरातल्या आपण यात काय करावे? सुट्टीत गावी गेलो की जाऊबाईंच्या हातचे आयते खाण्याऐवजी एक दुपार त्यांच्या शेजारी आराखडा घेऊन बसावे. चार शब्द आपल्याला कळतील, चार त्यांना. त्यांच्या मुलीला परीक्षेच्या दिवसांत आठ दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावे. आणि स्वतःच्या वॉर्डातल्या नगरसेविकेकडे काम असेल तर फोन तिलाच करावा, तिच्या यजमानांना नव्हे. तिच्या यजमानांनी उचलला तर म्हणावे, “वहिनींनाच द्या ना, मला त्यांच्याशीच बोलायचंय.” आपण असे दहाजणींनी केले तर तो फोन आपोआप वहिनींच्या हाती राहू लागेल.

सभेला जाताना पिशवीत काय असावे तेही लिहून देते, कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा : सभेची नोटीस, मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत, एक दोनशेपानी वही, दोन पेने, चष्मा, पाण्याची बाटली, डोंगल (लहान डबीत, रुमालात नको), आणि चार भाजलेले शेंगदाणे-गूळ. सभा लांबली की डोके भुकेने तापते, आणि तापलेल्या डोक्याने कुठल्याही कागदावर सही होते.

पुढच्या अंकी लोणच्याची बुरशी आणि पाढ्यांचा कंटाळा. तोवर ज्यांच्या घरी कुणी बाई निवडून आली असेल त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. काय जमले तेही आणि काय अडले तेही. नाव छापायचे नसेल तर तसे लिहा, म्हणजे छापणार नाही.